समुद्रातला उजवा कौल

मला आजही उजवं-डावं पटकन कळत नाही. रिक्षावाल्याने "कुठं वळू, आजी?" म्हणून विचारलं की मी आधी जेवायचा हात कुठला ते आठवते, आणि तोवर वळण मागे गेलेलं असतं. नातवंडं हसतात. हसोत बापडी. लग्नाआधी मला असं होत नव्हतं. हा घोटाळा माझ्या डोक्यात शिरला तो समुद्रावर, एका होडीत, आणि तो शिरला तेव्हा माझ्या पाठीला सासऱ्यांची पाठ लागलेली होती. हे वाक्य वाचून कुणी भुवया उंचावण्याआधी नीट सगळं सांगते.

पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव चाकणच्या अलीकडे, इंद्रायणीपासून हाकेच्या अंतरावर. घरात माणसं तीन. मामंजी म्हणजे माझे सासरे, आमचे हे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. शिवाय दोन बैल, आणि ते माणसांपेक्षा जास्त लाडाचे. ह्यांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते काळेवाडीला तिघांबरोबर एका खोलीत राहू लागले. सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत घरी यायचे, धुळीने माखलेले, जेवायचे आणि झोपायचे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण नवऱ्याचा जागा चेहरा मी किती पाहिला असेन, देव जाणे.

मग एक दिवस कारखान्याने ह्यांना क्वार्टर दिलं. दोन खोल्या आणि मोरीत नळ. मोरीतच! मी हे ऐकलं आणि त्या रात्री मला नुसता नळच दिसत राहिला. पण अट होती. बायकोसह राहायला येणार असाल तर हो म्हणा, नाहीतर मागच्या माणसाचा नंबर लागतो. महिनाअखेरीला सांगायचं होतं.

आता प्रश्न एकच होता: मी पिंपरीला जायचं की गावात राहायचं? मामंजी जमीन आणि बैल सोडून येणं शक्यच नव्हतं. मी गेले तर म्हातारा माणूस एकटा. चुलीपुढे कधी बसला नाही, स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरला नाही असा माणूस. मी राहिले तर माझा संसार हा असा, आठवड्यातून एक दिवस, झोपलेल्या नवऱ्याचा. मला जायचं होतं. हे आज मोकळेपणाने सांगते, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. पण मामंजींसाठी दुपारची भाकरी घेऊन बांधावर गेले की माझा जीव खाली-वर व्हायचा. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "आबा म्हणतील तसं." आबा म्हणजे मामंजी. आणि आबा काहीच म्हणत नव्हते.

मामंजी तसे माझ्याशी बोलतच नसत. आमच्याकडे रीत तशी होती. सुनेने सासऱ्यासमोर तोंड करून बसायचं नाही, पदर ढळू द्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही, आणि खिदळणं तर सोडूनच द्या. सासऱ्यानेही सुनेशी थेट बोलायचं नाही. मग घर चालायचं कसं? तर मामंजी बैलाशी बोलत. गोठा स्वयंपाकघराला लागूनच होता. "काय रं, आज कालवणात मीठ पडलं न्हाई व्हय?" असं ते उजव्या बैलाला विचारत, आणि मी चुलीपाशी बसून समजायचं. मला काही सांगायचं असलं तर मी हंड्याला सांगे. "तेल संपलंय," मी हंड्याला म्हणायचे, आणि बाजारच्या दिवशी तेल यायचं. बैल आणि हंडा यांच्यात आमचं चांगलं जमत होतं.

उजवा बैल म्हणजे उजवीकडे जुंपायचा बैल. शेतकऱ्याच्या बैलांच्या जागा ठरलेल्या असतात. एकदा उजवा तो जन्मभर उजवा. तेव्हा उजव्या-डाव्यात मामंजींचा घोटाळा होणं म्हणजे सूर्याचा पश्चिमेला उगवणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मामंजींनी हा प्रश्न भैरोबाकडे नेला. आमच्या देवळात कौल लावायची रीत होती. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचा. उजवं आधी पडलं तर देव 'हो' म्हणाला, डावं पडलं तर 'नाही'. सुनेला पाठवू का, असं मामंजींनी विचारलं. पहिल्यांदा एकही फूल पडलं नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दुसऱ्यांदा दोन्ही एकदम पडली. तिसऱ्यांदा उजवं पडायला आलं आणि तेवढ्यात गुरवाची शेळी देवळात शिरली. तिने दोन्ही फुलं खाल्ली. गुरव म्हणाला, "देव इचारात पडलाय." देवसुद्धा विचारात पडतो म्हटल्यावर आम्ही माणसांनी काय करायचं? मामंजी घरी आले आणि उजव्या बैलाला म्हणाले, "आता कुणाला इचारू रं?" मी चुलीत फुंकर घालत राहिले. धूर खूप होता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कुणाला कळलं नाही.

अशा वेळी ती सहल आली.

कारखान्यात मुंबईहून आलेले एक साहेब होते. त्यांना पक्ष्यांचं आणि शिंपल्यांचं वेड. थंडीच्या दिवसांत ते कामगारांच्या घरच्यांना घेऊन अलिबागच्या पलीकडच्या एका कोळीवाड्यात जात, होडीतून समुद्रावरचे पक्षी दाखवत, मोठे मासे दाखवत, आणि ओहोटी लागली की वाळूवर शिंपले गोळा करायला सोडत. मला तर कळेचना. ज्वारीवरचे पक्षी हाकलून हाकलून आमचे गळे बसतात, गोफणीने हात सोलून निघतात, आणि हा शिकलेला माणूस ओरडत नाही, दगड मारत नाही, पक्षी नुसते बघायला जातो! ह्यांनी तिघांची नावं दिली होती. ऐन वेळी ह्यांची कारखान्यातली पाळी बदलली. मला वाटलं, संपलं. पण मामंजी बैलाला म्हणाले, "नाव दिलंय तर जाऊ. समुद्रावर कवड्या असत्यात."

आता उलगडा झाला. पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधायचा कवड्यांचा पट्टा होता आमच्याकडे, मामंजींच्या आज्याच्या वेळचा. त्यातल्या निम्म्या कवड्या गळून गेल्या होत्या. कवडी समुद्रातून येते एवढं मामंजींना माहीत होतं. म्हणजे समुद्राच्या काठी त्या खळ्यावरच्या ज्वारीसारख्या पडलेल्या असणार, पाटी घेऊन जायचं आणि भरून आणायची, असा त्यांचा हिशोब. त्यांनी खरोखरच एक पाटी बरोबर घेतली. आणि तो पट्टा, माप घ्यायला.

घाट उतरून आम्ही कोकणात गेलो. गाडीत बाया पुढे, पुरुष मागे. एका शाळेत मुक्काम केला, आणि सकाळी ऊन चढू लागलं तसे किनाऱ्यावर गेलो. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. त्याचं वर्णन मला करता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मी फक्त एवढंच शोधत होते, की पलीकडचा काठ कुठे आहे. इंद्रायणीला पूर आला तरी पलीकडची झाडं दिसतात. इथे पलीकडे काहीच नव्हतं. मामंजींनी एकदा बघितलं आणि मग ते किनाऱ्याच्या वाळूकडेच बघत उभे राहिले.

होडीत चढताना गोंधळ झाला. होडी शिडाची, मोठी, आत आडव्या फळ्या टाकलेल्या. होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा कोळी, मागे सुकाणू धरून उभा. "जेला जी जागा गावली तो तिथं बसा. उठायचा नाय," तो म्हणाला. बाया भराभर बसल्या, पुरुष बसले, आणि एका फळीवर थोडी जागा उरली तिथे मामंजी आणि मी. समोर तोंड करून दोघांनी शेजारी बसायचं? अशक्य. मी त्यांच्यासमोर बसायचं? त्याहून अशक्य. साहेब ओरडत होते, होडी डुलत होती. शेवटी मामंजी फळीवर उलटे बसले, मागे तांडेलाकडे तोंड करून. मी पुढे तोंड करून बसले. रीत सांभाळली गेली. पण जागाच एवढीशी की माझी पाठ त्यांच्या पाठीला टेकली. दीड वर्षात ज्या माणसाच्या पायाशिवाय कशाला हात लागला नव्हता, त्याच्या पाठीला टेकून मी समुद्रात निघाले.

ती पाठ ताठ होती. जू घातलेल्या बैलाची असते तशी. होडी पहिल्या लाटेवर चढली तशी ती आणखी ताठ झाली.

साहेबांनी सूचना दिल्या. आवाज करायचा नाही, हात पाण्यात घालायचे नाहीत. आणि दिशा सांगायची त्यांची एक पद्धत होती. होडीचं टोक म्हणजे घड्याळातले बारा. उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. "मी दोन वाजता म्हटलं की सगळ्यांनी तिकडे बघायचं." कारखान्यातल्या लोकांना दोन वाजता म्हटलं की पाळी सुटते एवढंच ठाऊक. बायांना तर घड्याळच ठाऊक नव्हतं. मी सातवी पास, मला घड्याळ कळत होतं, पण समुद्रात ते कुठे ठेवायचं ते कळेना. साहेब "दहा वाजता कुरव!" म्हणाले की अर्ध्या माना इकडे, अर्ध्या तिकडे. कुरव म्हणजे समुद्रावर उडणारे पांढरे पक्षी. त्यांचा थवा ओरडत आमच्या होडीवर आला, आणि साहेब हळूच म्हणाले, "शांत. आता बघा."

तेवढ्यात माझ्या मागून मामंजींनी आरोळी ठोकली. "हाऽऽ हुर्र्याऽऽ!"

ज्वारी राखायच्या माळ्यावरून ठोकतात तीच. थवा फुटला आणि दूर गेला. साहेबांनी डोक्याला हात लावला. होडीतले चाकणकडचे दोघे-चौघे मात्र समाधानाने मान हलवत होते. आपला माणूस जागा आहे, असं त्यांना वाटलं असावं. तांडेल मामंजींकडे बघून गालातल्या गालात हसत होता. मला वाटलं, आरोळीला हसतोय.

मग बराच वेळ काही झालं नाही. वारा होता. साहेब म्हणाले, आता डॉल्फिन दिसतील, म्हणजे मोठा मासा, पाण्याबाहेर येऊन श्वास घेणारा. तांडेल म्हणाला, "गादा म्हनतान आमी." एखादाच दिसेल, आणि क्षणभर, तेव्हा डोळे उघडे ठेवा, असं साहेबांनी बजावलं.

तेव्हा मामंजी बोलले. इथे बैल नव्हता. ते हातातल्या कवड्यांच्या पट्ट्याशी बोलले, पण माझी पाठ लागलेली असल्यामुळे त्यांचा आवाज मला कानांआधी पाठीतून ऐकू आला.

"भैरोबा काय सांगंना," ते म्हणाले. "तर आता हितं इचारतो. त्यो मासा उजव्या हाताला आला, तर सुनंला पिंपरीला धाडायची. डाव्या हाताला आला, तर न्हाई. हितं देवाची मूर्त न्हाई, तवा आपलीच उजवी धरायची."

इतक्या दिवसांचा प्रश्न, देवाने टाळलेला, शेळीने खाल्लेला, तो आता एका माशावर येऊन ठेपला होता. मी उजव्या बाजूच्या पाण्याकडे बघायला लागले. मग मनात आलं, उजवीकडेच का बघतेय मी? जायचंय म्हणून? आणि मामंजींची भाकरी कोण करील? मी डावीकडे बघायला लागले. मग नळ आठवला. पुन्हा उजवीकडे. माझी मान अशी फिरत होती की शेजारची बाई म्हणाली, "मळमळतंय का गं?"

आणि मासा आला.

उजवीकडे. अगदी जवळ. करड्या रंगाची ओली पाठ पाण्यातून वर आली आणि त्याने फुस्सकन श्वास सोडला. अगदी डोहात डुंबणारी म्हैस नाक वर काढून सोडते तसा! मी समुद्रात काय काय दिसेल याची धास्ती घेऊन बसले होते, आणि दिसली काय तर म्हैस. मला हसू फुटलं. चांगलं खळखळून, पोटातून. पदर खांद्यावर आला तरी थांबेना. इतकं की डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं अंग हललं. साहेब "दोन वाजता! दोन वाजता!" ओरडत होते, कुणीतरी "साहेब, अजून दहा पण न्हाई वाजलं" म्हणत होतं, आणि मासा एकदाच वळून खाली गेला, तो गेलाच.

मग मला भान आलं. उजवा कौल. मी तोंडावर पदर घेतला आणि गप्प बसले.

मागून मामंजींचा आवाज आला. "उजवा," ते म्हणाले.

म्हणजे पिंपरी, म्हणजे नळ! पुढच्याच क्षणी डोक्यात घोटाळा सुरू झाला, तो आजतागायत पुरता गेलेला नाही. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या तर एकीचा उजवा हात दुसरीच्या डाव्या हाताच्या बाजूला येतो, हे कुणाही बाईला सांगायला नको. पाठीला पाठ लावून बसलं तरी तेच. माझ्या उजवीकडे आलेला मासा मामंजींच्या डावीकडे आला होता. मग ते उजवा कसं म्हणाले? मी जेवायचा हात बघितला. बरोबर होता. होडी वळली होती का? नव्हती. मग मासे दोन होते का, एक माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे? की मीच चुकले? आणि बैल जुंपणारा माणूस चुकेल कसा? बोलायची तर सोय नव्हती. इथे हंडा कुठून आणू?

ओहोटी लागली तसे आम्ही एका वाळूच्या पट्ट्यावर उतरलो. साहेबांनी शिंपल्यांची नावं सांगितली, जिवंत असेल तो परत पाण्यात टाका म्हणाले. मी काही ऐकलं नाही. मी तांडेलाला गाठलं आणि विचारलं, "मासे किती होते?"

"एक," तो म्हणाला. मग म्हणाला, "गादा तसा एकटा फिरत नाय. दुसरा असंल पन. बघला कुनी?" हे उत्तर झालं का?

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "एकच, दोन वाजता." मी पुन्हा तिथेच.

मामंजी पाटी घेऊन वाळूत फिरत होते. कवड्या खळ्यावरच्या ज्वारीसारख्या पडलेल्या नव्हत्या. त्यांना एकही मिळाली नाही. पण थोड्या वेळाने बघते तर ते खाली वाकून शिंपले उचलत होते, उन्हाला धरून त्यातून आभाळ बघत होते, काही पाटीत टाकत होते, काही फेकत होते. जवळ गेल्यावर कळलं. काही शिंपल्यांना आधीच भोक पडलेलं असतं, गोल, बारीक, दाभणाने पाडल्यासारखं. मामंजी तेवढेच घेत होते. साहेबांनी त्यांना समजावलं, की एक गोगलगाय असते, ती शिंपल्याला भोक पाडून आतला जीव खाते, म्हणून ते भोक. मामंजींनी सगळं आदराने ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "असंल, साहेब. पर भोक पाडायचं काम वाचलं." परतताना पाटी अर्धी भरली होती, सगळी भोकांची.

परतीच्या प्रवासात मी पुढे बायांत बसले. गाडी घाट चढत होती, बाया गाणी म्हणत होत्या, आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होते.

घरी आल्यावर मामंजींनी ह्यांना एवढंच सांगितलं, "कौल उजवा मिळाला. क्वार्टर घे." ह्यांनी विचारलं, "भैरोबाचा?" मामंजी म्हणाले, "भैरोबानंच धाडलं व्हतं तिकडं." झालं. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन होकार दिला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मनात ठसठसत राहिलं, की हा कौल खरा का खोटा? खोट्या कौलावर संसार मांडला आणि उद्या मामंजींना काही झालं तर? गप्प राहिले तर मी देवाला फसवते, बोलले तर स्वतःलाच फसवते. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे तो फुस्स करणारा मासा.

मी हंड्याला विचारून पाहिलं. "कौल नक्की उजवाच होता का, पुन्हा एकदा विचारावं का?" गोठ्यातून लगेच उत्तर आलं, "देवाला पुन्यांदा इचारायचं नसतं, सांग तिला." तीनदा विचारून आलेला माणूस हे सांगत होता! मला राग आला. पण हंड्यापाशी राग काढून काय उपयोग?

पौषात घर बदलायचं नसतं, म्हणून माघ लागेपर्यंत मी गावातच होते. त्या दिवसांत एका दुपारी शेतातून लवकर आले तर स्वयंपाकघरात मामंजी! चुलीपुढे उकिडवे बसून भाकरी थापत होते. कोपरापर्यंत पीठ, मिशांना पीठ, आणि तव्यावर जे होतं त्याला भाकरी म्हणायला जीभ रेटत नव्हती. एका बाजूने जाड, एका बाजूने फाटलेलं. मला बघून ते उठले आणि गोठ्यात गेले. "भूक लागली व्हती रं," ते बैलाला म्हणाले. भूक कसली? शिकत होते. मी ती भाकरी तव्यावरून काढली आणि उभ्या उभ्या खाल्ली. आत कच्ची होती. मला रडू आलं, आणि मीठही कमी होतं.

माघ लागला तसा चांगला दिवस बघून मामंजींनी गाडी जुंपली. माझा संसार काय, दोन ट्रंका, जातं, उतरंड आणि तो हंडा. बैलांच्या गळ्यात त्यांनी नवे पट्टे बांधले होते. जुन्या कवड्या मधे आणि दोन्ही बाजूंनी ते भोकांचे शिंपले. पोळ्याला नव्हे, त्या दिवशी. बैल चालले की शिंपले एकमेकांवर आपटून किणकिणत. गावातली पोरं हसली, "बैलांनी कोळणीचे दागिने घातले!" मामंजींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मामंजी पुढे तोंड करून बैल हाकायला बसले. मी सामानात, मागे तोंड करून. गाडी भरलेली, जागा थोडी. माझी पाठ पुन्हा त्यांच्या पाठीला टेकली. गाडी मोशीच्या रस्त्याला लागली. त्या रस्त्यावर आज गाड्यांची रांग तासन्‌तास हलत नाही. तेव्हा आमच्या बैलांशिवाय दुसरा आवाज नव्हता.

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. पिंपरी आली की ह्यांच्यासमोर काय बोलणार? मी मांडीजवळच्या हंड्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाले, "समुद्रात मासा आला तो माझ्या उजव्या हाताला आला. मग तो मामंजींच्या डाव्या हाताला आला असणार. मग ते उजवा का म्हणाले?"

शिंपले किणकिणत राहिले. मग मामंजी उजव्या बैलाला म्हणाले, "सांग रं तिला. म्या मासा बघितलाच न्हाई. होडीत बसल्यापासनं डोळं मिटलं व्हतं. त्या पाण्याकडं बघवंना."

तो तांडेल का हसत होता, ते मला आत्ता कळलं. पण बाकीचं अजून कळलं नव्हतं. मी हंड्याला विचारलं, "मग कौल मिळाला कसा?"

मामंजींनी कासरा उगाच ओढला आणि सैल सोडला.

"दीड वरीस झालं घरात येऊन," ते बैलाला म्हणाले, "कंदी हसली न्हाई. त्या दिशी हसली. म्या काय बघितलं न्हाई. पर पाठीला कळलं. म्हनलं, ह्योच कौल."

मी हंड्यावरचा हात काढून घेतला. मागे पडत जाणाऱ्या आमच्या रस्त्याकडे बघत बसले, आणि मला कळेना, की मी रडतेय का हसतेय. त्यांच्या पाठीला कळलं असावं. कारण त्यांनी बैल सावकाश केले, आणि पिंपरी यायला आम्हाला बराच वेळ लागला.